कलावंताला मंडळी काय देते?

या विषयावर मी बोलणार आहे असे कळताच माझ्या एका स्नेह्यांनी मला रस्त्यातच गाठले. ते म्हणाले, "अहो, ख्रिस्ती कलावंत म्हणजे काय हो? षड्ज का कधी देवळात जातो आणि पंचम चर्चमध्ये? कलेला कसला आला आहे धर्म?" प्रश्न थट्टेत विचारला होता, तरी थट्टेवारी नेण्यासारखा नव्हता. हाच प्रश्न पुष्कळांच्या मनात येत असणार. म्हणून आरंभीच त्याचा विचार करू आणि मग पुढे जाऊ.

सुराला धर्म नाही, हे स्नेह्यांचे म्हणणे मला मान्य आहे. परंतु गाणाऱ्याला घर असते, गाव असते, आणि ज्या ठिकाणी त्याने पहिल्यांदा चार माणसांपुढे तोंड उघडले अशी एक जागा असते. आपल्या खेड्यापाड्यांतून मृदंग कोण शिकतो? विठोबाच्या देवळात सप्ताह बसतो, तेथे कोपऱ्यात बसून हातावर ताल धरणारा पोरगा शिकतो. त्याला कोणी संगीतशाळेत घातलेले नसते. टाळकऱ्यांच्या रांगेत एक जागा रिकामी असते, ती तो भरतो. उद्या तोच पोरगा मोठा पखवाजिया होतो आणि सर्वांचा होतो; परंतु आधी तो त्या देवळाचा असतो. कलावंत शेवटी सर्वांचा असला, तरी आरंभी तो कोणाचा तरी असावा लागतो. हा आरंभ ख्रिस्ती समाजात कसा होत आला, कोठे चांगला झाला, कोठे चुकला, एवढाच आजच्या विवेचनाचा विषय आहे.

मराठी प्रॉटेस्टंट ख्रिस्ती लोक चर्चला 'मंडळी' म्हणतात. त्यांच्या बोलण्यात मंडळी म्हणजे दगडविटांची इमारत नव्हे. तिथे जमणारी माणसे. कॅथलिक लोक 'धर्मग्राम' असा शब्द योजतात, त्यातही गावच आहे. कलावंताला आश्रय देणारी वस्तू कोणती, याचे अर्धे उत्तर या दोन शब्दांतच आले आहे. राहिलेले अर्धे उत्तर चार उदाहरणांतून पाहू.

मागणीतून जन्मलेले पुराण

पहिले उदाहरण सोळाव्या-सतराव्या शतकांतले, गोव्याचे. फादर थॉमस स्टीफन्स हे जेझुइट संघाचे इंग्रज धर्मगुरू 1579 साली गोव्यात उतरले आणि 1619 साली तेथेच वारले. मधली चाळीस वर्षे त्यांनी बव्हंशी साष्टीत काढली. या परदेशी माणसाने मराठी इतकी आत्मसात केली की सुमारे अकरा हजार ओव्यांचे 'ख्रिस्तपुराण' त्याने रचले. ते 1616 साली रायतूर येथे छापले गेले. देवनागरी खिळे उपलब्ध नव्हते, म्हणून मराठी ओव्या रोमन लिपीत छापाव्या लागल्या.

आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट पुराणाच्या आरंभीच आहे. नव्याने ख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण पाद्रीगुरूला विचारतो की, पूर्वीची पुराणे तुम्ही आम्हांला सोडावयास लावलीत, मग त्यांच्या जागी आम्ही काय वाचावे? प्रश्न मोठा मार्मिक आहे. माणसाचा धर्म बदलला म्हणून त्याची संध्याकाळ बदलत नाही. दिवस मावळला, कामधाम आटोपले, की चार माणसांना एकत्र बसून काही तरी ऐकावेसे वाटते. त्या पोकळीतून पुराण जन्मले. रविवारी आणि सणांच्या दिवशी चर्चमध्ये ते वाचले जाऊ लागले. ज्ञानेश्वर-एकनाथांच्या ओवीत वाढलेल्या कानांना ख्रिस्ताची कथा ओवीतच ऐकावयास मिळाली. स्टीफन्सची प्रतिभा त्याची स्वतःची. पण तिला काम दिले ते साष्टीच्या त्या श्रोत्यांनी.

पुढचा इतिहास तितकाच बोलका आहे. 1684 साली पोर्तुगीज सत्तेने हुकूम काढला की, लोकांनी तीन वर्षांत देशी भाषा टाकून पोर्तुगीज बोलू लागावे. 1616 च्या आवृत्तीनंतर 1649 आणि 1654 साली पुराण पुन्हा छापले गेले होते. परंतु त्या तीन आवृत्त्यांपैकी एकही प्रत आज उपलब्ध नाही. मग ग्रंथ वाचला कसा? गोव्यातून बाहेर पडलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी तो बरोबर नेला, हातांनी उतरून घेतला, आणि मंगळूरच्या बाजूला तो घराघरांतून वाचला जात राहिला. अशाच हस्तलिखितांच्या आधारे 1907 साली जोसेफ साल्ढाणा यांनी मंगळुरास त्याची आवृत्ती काढली. 1956 साली शांताराम बंडेलू यांनी पुण्याहून देवनागरी आवृत्ती सिद्ध केली, तेव्हा कुठे तो ग्रंथ सामान्य मराठी वाचकाच्या हाती आला. ज्या गोव्यात तो झाला, त्या गोव्याच्या सत्तेने भाषाच नको म्हटले. आणि जे घर सोडून गेले त्यांनी तो जपला. कलाकृती जगते ती अशी, वाचणाऱ्यांच्या गरजेवर.

परक्या चाली आणि आपले शब्द

दुसरे उदाहरण आपल्या अधिक परिचयाचे आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक हे 'फुलांमुलांचे कवी' म्हणून शाळेपासून आपल्याला ठाऊक असतात. शिकाऱ्याच्या बाणाने घायाळ झालेल्या पक्षिणीची त्यांची कविता कितीतरी पिढ्यांनी डोळ्यांत पाणी आणून पाठ केली. परंतु रविवारी सकाळी अहमदनगर जिल्ह्यातल्या एखाद्या खेड्यात मंडळी जे गाते, त्यातला केवढा मोठा भाग टिळकांचा आहे, हे इतरांना सहसा ठाऊक नसते.

टिळकांच्या अगोदर काय होते? मिशनरी मंडळींनी इंग्रजी गीतांची मराठी भाषांतरे केली होती आणि ती विलायती चालींवर म्हटली जात. यात एक तांत्रिक अडचण होती, ती समजून घेण्याजोगी आहे. इंग्रजी पद्य आघातावर चालते. मराठी पद्याची चाल ऱ्हस्वदीर्घावर, लघुगुरूवर बेतलेली असते. विलायती चालीत स्वर जेथे लांबतो, तेथे मराठी शब्दातले लघु अक्षर आले की ते ओढावे लागते. आणि जेथे स्वर आखूड, तेथे मराठीतले दीर्घ अक्षर चिरडले जाते. शब्द ओळखीचे, पण उच्चारात ते परके होतात. भक्तिभाव खरा असूनही गाणाऱ्याची जीभ अडखळते. एखाद्याने दुसऱ्याच्या मापाचा अंगरखा घालावा तसे ते होते.

या अडचणीतून पहिली वाट काढली ती कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांनी नगरकडच्या ख्रिस्ती समाजासाठी देशी चालींवर पदे रचली आणि कीर्तनाचे रूप ख्रिस्ती कथेला दिले. हातात चिपळ्या, मागे टाळकरी, पुढे आख्यान. आणि आख्यान ख्रिस्ताचे. गावातील जो माणूस प्रवचनाला पाय ठेवीत ना, तो कीर्तनाला येऊन बसे. पुढे 1895 साली बाप्तिस्मा घेतलेले टिळक या वाटेवर आले आणि त्यांनी तिचा राजमार्ग केला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी पोचलो, अशा अर्थाचे ते सांगत असत. अभंग त्यांनी उसना आणला नाही. तो त्यांच्या बरोबरच आला. 'उपासना संगीत' या मराठी मंडळ्यांच्या गीतसंग्रहात त्यांची पदे शेकड्यांनी आहेत.

येथे कोणी म्हणेल की, टिळक बाप्तिस्म्यापूर्वीच कवी होते, मग मंडळीने त्यांना काय दिले? मंडळीने त्यांना गाणारे दिले. नगरच्या मंडळीतील बहुसंख्य माणसे गावकुसाबाहेरच्या वस्त्यांतून आलेली होती. पुष्कळांना अक्षरओळख नव्हती. त्यांच्यासाठी लिहावयाचे तर शब्द सोपा पाहिजे, चाल जिभेवर बसणारी पाहिजे, आणि भाव पहिल्याच ओळीत उलगडला पाहिजे. पुण्यामुंबईच्या साहित्यसभेने टिळकांवर ही सक्ती कधीच केली नसती. निरक्षर श्रोता हा फार कडक टीकाकार असतो. कळले नाही तर तो वाद घालीत नाही, नुसता गप्प बसतो. त्या गप्प बसण्याच्या धाकाने टिळकांचे पद घडले.

त्याचबरोबर हेही सांगितले पाहिजे की, मिशनच्या चौकटीत टिळकांचा जीव शेवटी रमला नाही. 1917 साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' उभारला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त तेथे एकत्र यावेत, अशी त्यांची कल्पना होती. दोन वर्षांत, 1919 साली, त्यांचे देहावसान झाले. पोसणारी संस्था आणि पोसला जाणारा कलावंत यांच्यात असा ताण येतोच. तो आला म्हणून संस्था वाईट ठरत नाही, की कलावंत कृतघ्न ठरत नाही. दोरी ताणल्यावाचून पतंग चढत नाही. फक्त ती कापू नये एवढेच.

टिळकांच्या घरासंबंधी दोन शब्द बोलल्यावाचून पुढे जाणे बरे नव्हे. बालकवी ठोमरे काही काळ नगरला या घरी राहिले. ते ख्रिस्ती नव्हते आणि पुढेही झाले नाहीत. 1918 साली रेल्वेच्या अपघातात ते गेले. पण त्या लहरी, हळव्या मुलाला लक्ष्मीबाईंनी आईच्या मायेने सांभाळले. आणि स्वतः लक्ष्मीबाई? शाळेचे तोंड न पाहिलेली ही बाई लग्नानंतर अक्षरे शिकली. टिळकांनी आरंभलेले 'ख्रिस्तायन' त्यांच्या हातून सुमारे अकरा अध्यायच झाले. पुढचे चौसष्ट अध्याय लक्ष्मीबाईंनी रचले. चिरंजीव देवदत्तांनी टिळकांच्या आठवणी लिहून काढण्याचा आग्रह धरला, आणि त्या आग्रहातून 'स्मृतिचित्रे' झाली. तिचा पहिला भाग 1934 साली निघाला. मराठी आत्मचरित्रांत तिच्या जोडीला बसवावे असे पुस्तक शोधावे लागते. येथे कोणते विद्यापीठ होते? एक मुलगा होता, तो म्हणत होता, "आई, लिही." कलावंताचा सांभाळ कधी कधी एवढ्यावरच होतो, पण ते एवढेसेसुद्धा कोणी तरी म्हणावे लागते.

गावचा मेस्त्र

तिसरे उदाहरण घेण्यासाठी पुन्हा गोव्यात जाऊ. नगरला मंडळीने कवीला श्रोते दिले. गोव्याच्या धर्मग्रामांनी गावच्या पोरांना विद्या दिली. पोर्तुगीज अमलात चर्चला लागून एक शाळा असे. तेथे प्रार्थना आणि धर्मशिक्षण यांबरोबर संगीत शिकवीत. शिकविणाऱ्याला मेस्त्र म्हणत. चर्चच्या गायकवृंदाचा तोच प्रमुख, व्हायोलिनचा तोच गुरू. पोराने आधी स्वरलिपी वाचावयास शिकावे, कागदावरचे ठिपके पाहून सूर अचूक लावावा, आणि मग वाद्य हाती घ्यावे, असा क्रम असे. मेस्त्राच्या हातात छडीही असे, असे जुने वादक हसत सांगत. गावकरीच्या, म्हणजे गावच्या सामाईक जमिनीच्या उत्पन्नातून चर्चचा जो खर्च चाले, त्यात या मेस्त्राच्या वेतनाचीही सोय असे.

या शाळांचा हेतू काय होता? सणाच्या दिवशी प्रार्थना नीट म्हटली जावी, मिरवणुकीत बँड नीट वाजावा, गावात मयत झाले तर त्याला सुरात निरोप मिळावा. यापलीकडे काही नाही. कोणाला मोठा कलावंत करावा असा त्यांचा संकल्प नव्हता. पण शेकडो गावांतून, पिढ्यान् पिढ्या, साध्या शेतकऱ्याचा आणि खलाशाचा मुलगा स्वरलिपी वाचू लागला. पोटासाठी ही मुले गोव्याबाहेर पडली तेव्हा ती विद्या त्यांच्या गाठीला होती. पलटणींच्या बँडमध्ये, संस्थानिकांच्या वाद्यवृंदांत, मूकपटांच्या थिएटरांत, मुंबईच्या हॉटेलांत ती वाजवू लागली. आणि बोलपट आला तेव्हा स्टुडिओत पोचली.

हिंदी चित्रपटसंगीताचा हा अध्याय पुष्कळांना अपरिचित आहे. संगीत दिग्दर्शक चाल बांधी. परंतु तीस-चाळीस वादकांनी केव्हा काय वाजवावे हे कागदावर लिहून देणारा माणूस लागे. त्याला अरेंजर म्हणत. हे काम करणाऱ्यांत गोव्याचे ख्रिस्ती वादक अग्रभागी होते. शंकर-जयकिशन यांच्या भरजरी वाद्यवृंदामागे सेबॅस्टियन डिसोझा होते. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांचे वडील चर्चच्या गायकवृंदाचे प्रमुख होते. अँथनींनी मुंबईत व्हायोलिनवादक आणि अरेंजर म्हणून नाव काढले आणि पुढे लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांच्यातील प्यारेलाल त्यांच्यापाशी व्हायोलिन शिकले. 1958 साली गोन्साल्विसांनी मुंबईच्या सेंट झेव्हियर्स महाविद्यालयाच्या आवारात भारतीय रागांवर आधारलेल्या वाद्यवृंदाचा कार्यक्रम केला. त्यात लता मंगेशकर आणि मन्ना डे गायले. 1977 च्या 'अमर अकबर अँथनी' चित्रपटातले गाणे ज्यांनी गुणगुणले, त्यांपैकी कितीजणांना ठाऊक होते की, त्या गाण्यातले नाव हे शिष्याने गुरूला केलेले वंदन आहे?

तेव्हा पहा, गावच्या चर्चने मयताला सूर मिळावा म्हणून केलेला खर्च, आणि त्याचे व्याज साऱ्या हिंदुस्थानाने रेडिओवर ऐकले! माझ्या स्नेह्यांच्या प्रश्नाचे उत्तर येथे मिळते. सुराला धर्म नाही. पण या सुरांना गाव होते.

ज्याला गावाने परत पाठविले

चौथे उदाहरण दुःखाचे आहे. कारण येथे मंडळी चुकली.

आंजेलो द फोन्सेका यांचा जन्म 1902 साली गोव्यातल्या सांतो इस्तेव्ह, म्हणजे जुवे या बेटावर झाला. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत त्यांनी शिक्षण घेतले. पण तेथील युरोपीय वळणात त्यांचे मन रमेना. ते शांतिनिकेतनास गेले आणि अवनींद्रनाथ ठाकूर व नंदलाल बोस यांच्या परंपरेत शिकले. जलरंगाचा पातळ थर द्यावा, कागद पाण्यात बुडवून वाळवावा, पुन्हा थर द्यावा, असे करीत रंगाला आतून उजळणारी मृदुता आणावयाची, ही बंगालच्या चित्रकारांची पद्धत त्यांनी उचलली आणि ती आपल्या श्रद्धेच्या सेवेला लावली. त्यांच्या चित्रांतली मरिया सावळी आहे, ती लुगडे नेसते, जमिनीवर बसते. तिच्या मांडीवरचे बाळ आपल्याच आळीतले वाटते.

हे चित्र घेऊन ते गोव्यात परतले. तेथल्या काही धर्मगुरूंना आणि प्रतिष्ठित मंडळींना ते रुचले नाही. चर्चच्या वेदीवर गोरी मरिया पाहण्याची सवय झालेल्या डोळ्यांना सावळी मरिया हा अपमान वाटला. टीका इतकी झाली की फोन्सेकांनी गोवा सोडला. विचार करा, तीनशे वर्षांपूर्वी त्याच भूमीत ख्रिस्ताची कथा ओवीत सांगितलेली चालली होती. पण तिची आई लुगड्यात चालेना!

त्यांना आसरा मिळाला तो आपल्या पुण्यात, शिवाजीनगरच्या ख्रिस्त प्रेम सेवा संघाच्या आश्रमात. येथे दोन गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. एक अशी की, फोन्सेका कॅथलिक होते आणि आश्रम अँग्लिकन पंथाच्या लोकांनी काढलेला होता. स्वतःच्या पंथाने दिली नाही ती जागा शेजारच्या पंथाने दिली. दुसरी अशी की, या संघाचे संस्थापक जॅक विन्स्लो हे तेच गृहस्थ, ज्यांनी 1923 साली नारायण वामन टिळकांचे इंग्रजी चरित्र प्रसिद्ध केले. ज्याला टिळकांचा अभंग समजला होता, त्याच्या आश्रमात सावळ्या मरियेला जागा मिळाली, यात मला तरी योगायोगापेक्षा अधिक काही दिसते. मुंबईचे इतिहाससंशोधक फादर हेरास यांनीही फोन्सेकांना उत्तेजन दिले. नाही म्हणता म्हणता पुण्यात ते शेकडो चित्रे करीत राहिले.

1963 च्या डिसेंबरात व्हॅटिकनच्या दुसऱ्या परिषदेने उपासनेविषयीचा ठराव संमत केला. लोकभाषेला उपासनेत स्थान मिळाले आणि प्रत्येक वंशाच्या व प्रदेशाच्या कलेला चर्चमध्ये मोकळीक असावी असे त्यात म्हटले. फोन्सेका जे तीस वर्षे करीत होते ते आता अधिकृत झाले. चारच वर्षांनी, 1967 च्या डिसेंबरात, पुण्यास त्यांचे निधन झाले. चित्रे पत्नीने जपली. 2006 साली त्यांचा मोठा संग्रह गोव्यात पर्वरीच्या झेव्हियर इतिहास संशोधन केंद्राकडे गेला. चित्रे घरी परत आली. चित्रकार आला नाही.

फोन्सेका एकटे नव्हते. कोल्हापूरकडचे विनायक मासोजी शांतिनिकेतनात नंदलालांपाशी शिकले आणि तेथेच कलाभवनात शिक्षक झाले. मुंबईच्या अँजेला त्रिंदाद यांनीही ख्रिस्तचरित्राचे विषय भारतीय रूपात रंगविले. परंतु अशी नावे मोजता येतात, हीच खरी अडचण आहे. कवीला गाणारे मिळाले, वादकाला मेस्त्र मिळाला. चित्रकाराला मात्र मंडळीने फार क्वचित भिंत दिली.

मग करावे काय?

या चार उदाहरणांतून चार गोष्टी हाती येतात. कलावंताला प्रथम विद्या पाहिजे. ती मेस्त्राने दिली. मग काम पाहिजे. ते साष्टीच्या आणि नगरच्या श्रोत्यांनी दिले. मग डोक्यावर छप्पर आणि पाठीवर हात पाहिजे. तो लक्ष्मीबाईंच्या घराने आणि पुण्याच्या आश्रमाने दिला. आणि शेवटी थोडा धीर पाहिजे. नवे रूप प्रथमदर्शनी खुपले तरी लगेच दार न लावण्याचा. पहिल्या तीन गोष्टींना थोडाबहुत पैसा लागतो. चौथीला एक पैसाही लागत नाही, आणि तीच सर्वांत दुर्मिळ आहे.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो मनापासूनचा असतो. मंडळी गरीब आहे, कोणाचे औषधपाणी अडले आहे, कोणाच्या मुलाची फी राहिली आहे. अशा वेळी चित्रे आणि गाणी यांवर खर्च करावा काय? मी म्हणतो, आजारी माणसाचे औषध आधी आणावे, यात वाद नाही. परंतु ज्या मंडळीने टिळकांची पदे घराघरांत नेली ती श्रीमंत होती काय? आणि गोव्यातील मेस्त्र काही राजाचा गवई नव्हता. एका लहान गावाला परवडेल एवढेच त्याचे वेतन होते. गरिबाला कला नको असते, हा पोट भरलेल्या माणसाचा तर्क आहे. गरिबाच्या घरी बारशापासून मर्तिकापर्यंत गाणे असते. प्रश्न एवढाच की, ते नीट शिकविलेले असावे की कसेबसे.

दुसरी एक चूक उलट बाजूने होते. कलावंत हाताशी आला की मंडळी त्याला जुंपते. नाताळाचा देखावा तू कर, वर्धापनदिनाचे पद तू लिही, कमान तू रंगव. हे काम लहान नाही आणि त्यात हात घडतोही. परंतु प्रत्येक चित्राने उपदेश केलाच पाहिजे, असा हट्ट धरला की चित्र फलक होते. लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रां'त उपदेश किती आहे? जवळजवळ नाही. त्यात एका बाईचे खरे बोलणे आहे, तिचे हसणे आहे, रुसणे आहे. आणि म्हणूनच ज्यांनी चर्चची पायरी कधी चढली नाही अशा हजारो मराठी घरांत ते पुस्तक आपले झाले. विश्वास जिथे खोल असतो तिथे त्याला पाटी लावावी लागत नाही.

आजची स्थिती निराश होण्याजोगी नाही. 1842 साली अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, 'ज्ञानोदय' निघाला तेव्हापासून मराठी ख्रिस्ती माणूस लिहीत आला आहे. 2020 साली उस्मानाबाद, म्हणजे आताचे धाराशिव, येथे भरलेल्या त्र्याण्णवाव्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी भूषविले. 2024 साली ते आपल्यातून गेले. त्यांचे बायबलचे सुबोध मराठी भाषांतर साहित्य अकादमीने गौरविले होते. एका कॅथलिक धर्मगुरूला सगळ्या मराठी साहित्याने उच्चासनावर बसविले, हा मान त्यांचा होता, आणि वसईच्या ज्या धर्मग्रामांनी त्यांना मराठीत वाढविले त्यांचाही होता.

आणि हे सर्व मी केवळ ख्रिस्ती बांधवांसाठी सांगतो आहे असे कोणी समजू नये. आपल्या आळीतल्या गणपतीपुढे ढोल वाजविणारा मुलगा, मोहरमात ताबूत सजविणारा कारागीर, बुद्धविहारात भीमगीते गाणारी मुलगी, या सर्वांच्या बाबतीत प्रश्न तोच आहे. त्यांना शिकविणारा कोणी आहे काय? काम देणारा आहे काय? चुकले तर सांभाळून घेणारा आहे काय? उत्सव दहा दिवसांचा. मेस्त्र वर्षभर लागतो.

व्याख्यान संपल्यावर माझे ते स्नेही पुन्हा भेटतील आणि विचारतील, "मग षड्ज शेवटी जातो कोठे?" त्यांना मी एवढेच सांगणार आहे की, तो कोठे जातो ते आपण ठरवू नये. तो निघतो कोठून, तेवढी जागा झाडून पुसून ठेवावी, तेथे एक चटई अंथरून ठेवावी, आणि संध्याकाळी दिवा लावावयास विसरू नये.